नाशिकच्या अंगणवाड्या: आहार पुढे, खेळ मागे का?

अंगणवाडी मुळात आहाराची योजना नव्हती. 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं जे बालशिक्षणाचं काम उभं राहिलं, त्यात शिक्षिकाच आदिवासी पाड्यावर जाऊन अंगणात वर्ग भरवत. शिंपले, बिया, पानं हेच साहित्य, आणि मूल ज्यात रमेल तिथून पुढे जायचं. शहरातल्या बालमंदिरांची गोष्ट वेगळी, ती इथे बाजूला ठेवू.

खरा पेच 2 ऑक्टोबर 1975 चा. त्या दिवशी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे आजारी मुलाला दवाखान्यात पाठवणं), मातांसाठी आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा एका सेविकेच्या गळ्यात पडल्या, त्याही मानधनावर. या निर्णयाच्या बाजूचे आजही विचारतात, उपाशी पोराला गाणी शिकवून काय उपयोग? मुद्दा बिनतोड आहे. पण आहार किलोत मोजता येतो, लस डोसात. मूल आज स्वतःहून काय बोललं, कोणता खेळ त्याने निवडला, हे कशात मोजणार? त्यामुळे तपासणीला आलेली पर्यवेक्षिका आधी वजनाची वही मागणार, हे ओघानेच आलं.

त्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणातून बालमृत्यूंचं प्रकरण घडलं. हरसूल आणि पेठचा पट्टा तिथून फार लांब नाही. त्यानंतर वजनाच्या काट्याचं महत्त्व वाढणारच होतं. आढ्याला टांगलेला सॉल्टर काटा, झोळीत हातपाय झाडत रडणारं पोर, वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका. त्या रडण्यासाठी वहीत रकाना नाही.

गंमत म्हणजे याच सुमारास, डिसेंबर 1992 मध्ये, भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याचं बारावं कलम मुलाचं मत ऐकून घ्या असं सांगतं. बोलता न येणारं तान्हं मूलही आपली आवडनिवड व्यक्त करतं, असा खुलासा संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 2005 मध्ये केला. आपल्याकडे मात्र 2009 चा शिक्षणहक्क सहाव्या वर्षापासून सुरू झाला. तीन ते सहा वयोगटासाठी 2013 मध्ये धोरण आलं, आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाने ही तीन वर्षं पायाभूत टप्प्यात धरली. तोवर वही मोबाइलमध्ये गेली होती. 2021 पासून वजन, उंची, हजेरी केंद्र सरकारच्या पोषण ट्रॅकर या ॲपवर.

नाशिकमध्ये हजेरी आणि सहभाग यांतलं अंतर द्राक्षांच्या हंगामात दिसतं. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात. नाव गावच्या पटावर, पोर मात्र वेलींखाली. बागेजवळच्या अंगणवाडीत त्याला घेतलं तरी घरात कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं मूल तिथल्या बडबडगीतांत गप्पच बसतं. खिचडी मिळते, हजेरीही लागते.

सेविकांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2022 चा. डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 राज्यभर संप झाला तो मानधनावरून. त्याआधी काही महिने केंद्राचं 'पोषण भी, पढाई भी' हे अभियान सुरू झालं होतं. रोज किमान दोन तास मुलांबरोबर खेळातून शिकणं, असं त्यात अपेक्षित आहे. सहापैकी बाकीच्या पाच सेवांमधली एकही कमी झालेली नाही.