फ्लुओरेसिन अँजिओग्राफीचे वाचन

हाताच्या शिरेत टोचलेला फ्लुओरेसिन हा रंग डोळ्याच्या पडद्यातून (रेटिना) वाहत असताना एकामागून एक छायाचित्रे घेतात आणि त्यांवरून रक्तवाहिन्यांची अवस्था ओळखतात. हा रंग आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवला. नोव्होटनी आणि अल्विस यांनी मानवी डोळ्यातील त्याची छायाचित्रे १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. निळ्या प्रकाशात रंग हिरवट-पिवळा उजळतो आणि कॅमेऱ्याची गाळणी तेवढाच उजेड आत घेते.

टोचल्यापासून साधारण १० ते १५ सेकंदांत रंग डोळ्यात पोचतो. आधी पडद्यामागचा कोरॉइड हा रक्तवाहिन्यांचा थर उजळतो, मग धमन्या, केशवाहिन्या आणि शेवटी शिरा. शिरांमध्ये सुरुवातीला फक्त कडांना उजळ रेघा दिसतात, मधला भाग काळाच असतो. नवशिका इथे हमखास दचकतो, पण हा निरोगी प्रवाह आहे. मॅक्युला म्हणजे पडद्याचा बारीक नजरेचा मधला भाग; त्याच्या मध्यभागी दिसणारा काळोखही नैसर्गिकच.

पडद्याच्या निकोप वाहिन्यांतून हा रंग बाहेर झिरपत नाही, आणि सगळे वाचन या एका गोष्टीवर उभे आहे. उजळ ठिपका एकाच छायाचित्रात पाहून निदान करणे धोक्याचे. तो पुढे कसा बदलतो ते पाहावे. ठिपका पसरत जाऊन कडा पुसट झाल्या तर ती गळती. कडा रेखीव राहून तेज वाढत गेले तर रंग एखाद्या पोकळीत साचतो आहे किंवा व्रणाच्या ऊतीत मुरतो आहे. सुरुवातीपासून उजळ असलेला भाग कोरॉइडसोबत फिका पडला, तर पडद्यामागचा नैसर्गिक रंगद्रव्याचा थर विरळ झाल्याने मागचा उजेड दिसत होता.

काळ्या भागाचे कोडे अधिक अवघड. तिथे रंग पोचलाच नाही, की पोचूनही झाकला गेला? त्यासाठी साधे रंगीत छायाचित्र शेजारी ठेवावेच लागते. मधुमेही पडद्यावरचे दोन लाल ठिपके त्यात अगदी सारखे दिसतात. अँजिओग्राफीत एक चांदणीसारखा चमकतो, तो वाहिनीचा सूक्ष्म फुगवटा, आणि दुसरा काळा राहतो, तो रक्तस्राव.

काही आकृती विसरता येत नाहीत. मॅक्युलाला सूज असेल तर उशिराच्या छायाचित्रांत फुलाच्या पाकळ्या उमटतात. सेंट्रल सीरस विकारात (यात पडद्याखाली पाणी साचते) कधी कधी एका बिंदूतून धुराची रेघ वर चढून छत्रीसारखी पसरते. बहुतेकदा मात्र शाईच्या ठिपक्यासारखा फैलाव दिसतो.

कोरॉइडच्या खोल वाहिन्यांसाठी इंडोसायनिन ग्रीन हा दुसरा रंग वापरतात. रंग न टोचता होणारी ओसीटी (प्रकाशाने पडद्याचे थर टिपणारी तपासणी) अँजिओग्राफी वाहिन्यांची जाळी बारकाईने दाखवते, पण गळती तिच्यात दिसत नाही.