गंभीर गरोदर स्त्री आणि पडद्यावरचा डॉक्टर : एक खुलासा

‘व्हिडिओवरचा सल्ला सर्दी-खोकल्यापुरता ठीक, बाळंतपणात बाई अत्यवस्थ झाली की त्याचा उपयोग नाही, उलट वेळ जातो,’ असे सातारा जिल्ह्यातील पाटण-जावळीच्या डोंगरी गावांत आजही ठामपणे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे.

गरोदरपणात रक्तदाब १६०/११० च्या वर जाऊन झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेट या झटके थांबवणाऱ्या औषधाचा पहिला डोस, म्हणजे दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅमचे खोल इंजेक्शन, प्राथमिक आरोग्य केंद्रातच देता येतो. तो साताऱ्याला पोहोचेपर्यंत लांबवणेच घातक ठरते. अशा वेळी पडद्यापलीकडचे तज्ज्ञ श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण विचारतात, कॅमेऱ्यासमोर गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहतात, कारण औषध जास्त झाल्यास ही प्रतिक्रिया आधी नाहीशी होते. तिकडे मोठ्या रुग्णालयात रक्त आणि शस्त्रक्रियागृह सज्ज ठेवता येते.

शस्त्रक्रिया अर्थातच पडद्यावरून होत नाही. म्हणून १०८ ची रुग्णवाहिका बोलावणे आणि सल्ला घेणे ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावीत; सल्ल्यासाठी गाडी थांबवून ठेवू नये, एवढे घरच्यांनी कृपया लक्षात ठेवावे.