थंडी खालून येते

डिसेंबर उजाडला की इंदूरची मंडळी जानापावच्या डोंगरावर नाहीतर चोरलच्या काठी तंबू ठोकायला निघतात. पहाटे कुडकुडत उठणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: "स्लीपिंग बॅगच पातळ निघाली." बहुतेक वेळा दोष बॅगेचा नसतोच.

स्लीपिंग बॅग ऊब देत नाही. ऊब देतं शरीर. झोपलेला माणूस ७०-८० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकत असतो. बॅग ती फक्त रोखून धरते, आणि तेही कापडाच्या नव्हे तर आत अडकलेल्या हवेच्या जोरावर. न हलणाऱ्या हवेतून उष्णता फार हळू जाते. थंडीच्या तोंडावर आपण रजईतली रुई पिंजून घेतो ती यासाठीच. वजन तेवढंच राहतं, फुगवटा वाढतो.

आता त्या बॅगेत आडवे व्हा. पाठीखालचा सगळा फुगवटा तुमच्याच वजनाने चेपला जातो, हवा निघून जाते आणि तिथे बॅगेची जेमतेम चादर उरते. खाली गार जमीन रात्रभर उष्णता ओढत राहते. घरी हे कळत नाही, कारण खाली गादी असते आणि श्रेय मात्र सगळं रजई घेऊन जाते.

म्हणून माझ्या मते पैसे आधी बॅगेखाली अंथरायच्या मॅटवर घालावेत. बंद छिद्रांचा फोम दाबला तरी हवा सोडत नाही. फुगवायची साधी गादी मऊ असते, पण फसवी. तिच्या मोठ्या पोकळीत हवा फिरत राहते आणि उष्णता खाली पोचवते. चांगल्या मॅटवर 'आर-व्हॅल्यू' छापलेली असते. आकडा मोठा तेवढा उष्णतेला रोध जास्त, आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते. माळव्याच्या थंडीला साधारण २ आर-व्हॅल्यू पुरते, बर्फावर ५ तरी हवी.

बॅगेवरचं तापमानही नीट वाचावं. स्लीपिंग बॅगांच्या 'आयएसओ २३५३७' या आंतरराष्ट्रीय मानकात 'कम्फर्ट', 'लिमिट' आणि 'एक्स्ट्रीम' असे वेगवेगळे आकडे असतात. आपल्या कामाचा 'कम्फर्ट', म्हणजे आरामात झोप लागेल तो. 'एक्स्ट्रीम' म्हणजे जीव कसाबसा तगेल एवढंच. आणि गंमत म्हणजे ज्या तापवलेल्या पुतळ्यावर ही चाचणी होते, त्याच्याखाली मॅट घातलेली असते!

जागा निवडताना नदीकाठचा खोलगट भाग टाळा. गार हवा जड, ती उतारावरून वाहत तिथेच साचते. थोडं वर, झाडाखाली बरं. उघड्या आकाशाखाली जमीन जास्त निवते आणि दवही जास्त पडतं. तोंड बॅगेत खुपसून झोपू नका, श्वासातल्या वाफेने बॅगेतलं भरण ओलं होतं, आणि ते पिसांचं असेल तर फुगवटा बसतो. पाय गारठत असतील तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोजा चढवून आत घ्या. तंबूत पेटती सिगडी मात्र कधीच नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही.