स्पार्क प्लग आणि अँटी-सीझ

पेट्रोल गाडीचा स्पार्क प्लग बदलताना नव्या प्लगच्या आट्यांना लावायचा दाट लेप म्हणजे अँटी-सीझ. ग्रीसमध्ये तांबे, अ‍ॅल्युमिनियम, निकेल किंवा ग्रॅफाइटची पूड कालवून तो बनतो. इंजिनाच्या उष्णतेने ग्रीस जळले तरी पूड आट्यांत टिकते आणि धातूला धातू चिकटू देत नाही.

प्लगचे अंग पोलादी, तो जिथे बसतो ते इंजिनाचे हेड बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे. त्यात ओल शिरली की दोन धातूंच्या संगतीने गंज धरतो आणि प्लग जाम होतो. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात उघड्यावर पावसाळा काढणाऱ्या गाड्यांना ही भीती खरीच असते. जाम प्लग जोर लावून काढला, की मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे त्याच्यासोबत बाहेर येतात.

तरीही आजच्या बहुतेक प्लगांना हा लेप नको. त्यांच्या आट्यांवर कारखान्यातच जस्त किंवा निकेलचा मुलामा दिलेला असतो. एनजीकेसारखे उत्पादक असे प्लग कोरडेच बसवायला सांगतात. कारण कसण्याच्या जोरात आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडात १४ मिमीच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १० मिमीच्या प्लगला जेमतेम १० ते १२ पुरतात. हे आकडे कोरड्या आट्यांचे. लेपामुळे घर्षण घटते, टॉर्क पाना (कसण्याचा जोर मोजणारा पाना) तोच आकडा दाखवतो, पण प्लग प्रत्यक्षात जास्त ओढला जातो; त्याचे अंग ताणते, कधी तुटतेही.

पुण्यातल्या नाना पेठेच्या स्पेअर पार्ट बाजारात प्लग घेताना आटेच पाहावेत. रुपेरी चकाकत असतील तर मुलामा आहे. काळपट, निस्तेज असतील तरच अँटी-सीझचा पातळ हात द्यावा, टोकाकडचे आटे सोडून, आणि कसण्याचा जोर सुमारे एक-तृतीयांशाने कमी ठेवावा. लेप इलेक्ट्रोडवर, म्हणजे ठिणगी पडते त्या टोकावर, गेला तर गाडी मिसिंग करते.

गल्लीतल्या गॅरेजात टॉर्क पाना क्वचितच दिसतो, सगळा भरवसा हातावर. वॉशरवाला नवा १४ मिमीचा प्लग वॉशर टेकेपर्यंत बोटांनी फिरवून पुढे पान्याने अर्धा फेरा पुरतो. बिनवॉशरच्या शंक्वाकृती बैठकीच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा भाग. २००३च्या बजाज पल्सर डीटीएस-आय मोटरसायकलपासून एकाच सिलिंडरला दोन प्लग आले, पुढे पल्सर २००एनएसला तीन. तितके आटे जपायचे. इंजिन मात्र पूर्ण गार हवे, कारण तापलेल्या हेडातले आटे प्लग काढतानाच सोलले जातात. तसे झाल्यास भोक मोठे करून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचे तारेचे वेटोळे, बसवतात.