खुब्याचे सांधेरोपण : पूर्वतयारी व पुनर्वसन

मांडीच्या हाडाचा झिजलेला किंवा मृत झालेला गोल माथा आणि श्रोणीतील (कमरेच्या हाडातील) त्याची उखळ काढून त्या जागी कृत्रिम भाग बसविण्याची शस्त्रक्रिया. या नोंदीत तिच्या आधीच्या तयारीचा व नंतरच्या पुनर्वसनाचा, मुख्यतः मुंबईतील राहणीच्या संदर्भात, विचार केला आहे.

पहिले रोपण कोणाचे, याबाबत एकमत नाही. बर्लिनचे थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी साधारणतः १८९०-९१ च्या सुमारास हस्तिदंती सांधे बसविले. त्यांचे बरेचसे रुग्ण क्षयाने सांधा नासलेले होते आणि जंतुसंसर्गामुळे ते प्रयत्न टिकले नाहीत. लंडनचे फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये माथा व उखळ दोन्ही पोलादाचे वापरले. संपूर्ण रोपणाचा मान अनेक लेखक त्यांना देतात. तथापि आजच्या शस्त्रक्रियेची परंपरा जॉन चार्नली यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे त्यांनी आधी टेफ्लॉनची उखळ वापरली. ती काही वर्षांतच झिजली व रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी उच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन हे प्लास्टिक घेतले आणि ते टिकले. घर्षण कमी राहावे म्हणून त्यांनी धातूचा माथा मुद्दाम लहान, सुमारे २२ मिमी. व्यासाचा ठेवला. लहान माथा उखळीतून निसटण्याचा धोका मात्र जास्त असतो. पुढे झीज कमी होणारे प्लास्टिक आल्यावर ३२ व ३६ मिमी.चे माथे रूढ झाले. जमिनीवर बसणाऱ्या समाजाच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे.

भारतातील प्रारंभाच्या संदर्भात मुंबईचे के. टी. ढोलकिया यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. पुनर्वसनाच्या शिक्षणात हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेचे (स्थापना १९५५) स्थान महत्त्वाचे आहे.

पाश्चात्त्य देशांत वयपरत्वे होणारी झीज हे मुख्य कारण असते. आपल्याकडे रक्तपुरवठा तुटून माथ्याचे हाड मरणे (एव्हीएन) हे कारण बरेच आढळते. स्टेरॉइडे व मद्य हे त्यामागील परिचित घटक होत. कोविडमध्ये स्टेरॉइडे घेतलेल्या रुग्णांत हा विकार झाल्याच्या नोंदी २०२१ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झाल्या. त्यामुळे येथील रुग्ण अनेकदा तिशी-चाळिशीतला, कमावता असतो.

पूर्वतयारीत मधुमेह आटोक्यात आणणे, रक्तक्षय भरून काढणे, किडके दात व लघवीचा संसर्ग यांवर आधी उपचार करणे आणि तंबाखू व मशेरी बंद करणे हे येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या केव्हा थांबवायच्या ते डॉक्टरच ठरवितात. वॉकरने चालण्याचा सराव शस्त्रक्रियेपूर्वीच करून घ्यावा. दुखत्या पायाने तो शिकणे जड जाते.

घराची तयारी मात्र बहुधा उशिरा सुचते, आणि मुंबईत खरी अडचण तिथेच येते. जुन्या बीडीडी चाळींतील खोल्या सुमारे १६० चौ. फुटांच्या, तीन मजले चढायला जिनाच आणि शौचालय सामाईक. उकिडवे बसण्याची सक्त मनाई असलेल्या रुग्णासाठी अशा घरात कमोडची खुर्ची कोठे ठेवायची, हे दाखल होण्यापूर्वीच ठरले पाहिजे. काही कुटुंबे पहिले काही आठवडे तळमजल्यावरच्या किंवा लिफ्ट असलेल्या नातलगांकडे सोय करतात. हा मार्ग उत्तम. पलंग व हाताची खुर्ची गुडघ्यापेक्षा उंच असावी, पायपुसणी उचलावीत, रोजची भांडी कमरेच्या उंचीवर आणून ठेवावीत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकरने उभे करतात. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घोटे सतत खालीवर हलवायचे असतात. गुठळी रोखण्याचे औषध सुमारे पाच आठवड्यांपर्यंत चालू शकते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. काठी उलट बाजूच्या हातात. सांधा मागील बाजूने उघडला असेल तर खुबा ९०° पेक्षा जास्त वाकवणे, पायावर पाय टाकणे व पाऊल आत वळवणे टाळावे लागते. म्हणजे विळीवर भाजी चिरणे, मांडी घालून जेवणे, पूजेला पाटावर बसणे बंद. समोरून किंवा बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हे निर्बंध इतके कडक ठेवण्याची गरज नाही, असे अलीकडील मत आहे. ते ग्राह्य वाटते. मांडी घालण्याची परवानगी मात्र आपला सांधा बसविणाऱ्या शल्यविशारदाकडूनच घ्यावी, शेजाऱ्याच्या अनुभवावरून नव्हे. लोकलची गर्दी व पावसाळ्यातील निसरडे पादचारी पूल स्नायू बळकट होईपर्यंत टाळावेत. ताप, जखमेतून पाणी येणे, पोटरी सुजणे किंवा पाय एकाएकी आखूड वाटणे, यांपैकी काहीही झाले तर त्वरित रुग्णालय गाठावे.

ऑस्ट्रेलिया व फिनलंडमधील सांधेरोपणाच्या नोंदवह्यांच्या आधारे २०१९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार सुमारे ५८ टक्के रोपणे २५ वर्षे टिकतात. ते आकडे बहुतांशी वयस्क रुग्णांचे आहेत. पस्तिशीतल्या रुग्णाला पुढे पुनर्रोपण लागण्याची शक्यता अधिक धरली पाहिजे. ऑगस्ट २०१० मध्ये ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा सांधा जगभरातून परत मागविण्यात आला, तेव्हा आपल्याला नेमका कोणता सांधा बसवला आहे, हे कागदोपत्री ठाऊक असणे निर्णायक ठरले. रोपणाचे स्टिकर लावलेले कार्ड व शस्त्रक्रियेचा अहवाल घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर कायम जपून ठेवावा.