खेळाच्या खोक्यातला नाइट व्हिजन गॉगल: आत काय असतं, बिघडतं काय

२००९ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ या व्हिडिओ गेमची ‘प्रेस्टिज एडिशन’ १४९.९९ डॉलरला आली. तिच्या खोक्यात खेळासोबत खरोखर चालणारा नाइट व्हिजन गॉगल होता, आणि तो ठेवायला माणसाच्या डोक्याच्या आकाराचा स्टँडही. २०१९च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’च्या ‘डार्क एडिशन’मध्येही असाच गॉगल मिळाला. हे गॉगल अंधारात दाखवतात हे खरं, पण सैनिकाच्या हेल्मेटवरचं उपकरण ज्या तत्त्वावर चालतं, त्या तत्त्वावर नव्हे.

सैनिकी उपकरणात चांदण्यांचा अंधुक प्रकाश फोटोकॅथोड या प्रकाशसंवेदी थरावर पडतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. केसाहून बारीक अशा लाखो छिद्रांच्या काचेच्या चकतीतून जाताना एका इलेक्ट्रॉनचे हजारो होतात आणि फॉस्फरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळताच चमकणाऱ्या पदार्थाच्या, पडद्यावर आदळून चित्र उमटवतात. ओळखीचा हिरवा रंग या फॉस्फरचा. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी ५४५ नॅनोमीटरच्या आसपास असते आणि उजेडाला सरावलेला डोळा ५५५ नॅनोमीटरला सर्वांत संवेदनशील असतो. हे सगळं ज्यात बसवलेलं असतं ती एक नळीच काही हजार डॉलरची, म्हणजे खेळाच्या खोक्यात ती असणं शक्यच नाही.

खोक्यातल्या गॉगलमध्ये असतो एक लहान कॅमेरा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकणारे एलईडी आणि डोळ्यासमोर भिंग लावलेला छोटा पडदा. हिरवा रंग चित्रावर नुसता चढवलेला. सिलिकॉनच्या सेन्सरला सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जाणवतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारं फिल्टर बसवतात, इथे ते नसतं. ८५० नॅनोमीटरचे एलईडी जवळून पाहिले तर मंद लाल दिसतात. ९४० चे अजिबात दिसत नाहीत, पण तिथे सेन्सरही बराच मंदावतो, म्हणून तेवढ्याच विजेत पल्ला कमी मिळतो.

खात्री करायची तर पूर्ण अंधाऱ्या खोलीत एलईडीवर काळी चिकटपट्टी लावा. चित्र काळं पडलं, की हा गॉगल स्वतःचा टॉर्च घेऊन हिंडतो हे सिद्ध झालं. पल्ल्याची मर्यादाही त्यातूनच येते. दुप्पट लांबची भिंत तितकीच उजळ दिसायला चौपट प्रकाश लागतो. आकाश काळंच राहतं, आणि धुक्यात तर स्वतःचाच प्रकाश परतून समोर पांढरा पडदा उभा राहतो. खिडकीच्या काचेतून बाहेर पाहायला गेलात तर एलईडीचं प्रतिबिंब तेवढं दिसेल. गंमत म्हणजे काळे सुती कपडे बऱ्याचदा फिकट दिसतात, कारण अनेक काळे रंग इन्फ्रारेड शोषतच नाहीत. झाडांची पानंही अशीच उजळ दिसतात. एकाच कॅमेऱ्यामुळे अंतराचा अंदाज येत नाही, तेव्हा गॉगल घालून जिना उतरू नका. एलईडी डोळ्याजवळ धरून त्यात पाहणंही टाळा: प्रकाश दिसत नाही किंवा मंदच दिसतो, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही.

सेकंडहँड गॉगल घेताना आधी सेलची जागा उघडून पाहा. अल्कलाइन सेल वर्षानुवर्षं आत राहिले की पाझरतात. बाहेर आलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेशी संयोग पावून पांढरी बुरशीसारखी पूड होते आणि सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या खाते. हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन ती पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. हिरवट-काळा थर वायरीच्या आवरणाखाली शिरला असेल तर घासून उपयोग नाही, वायर बदलावी लागते.

गॉगल सुरू होतो पण इन्फ्रारेड लावताच बंद पडतो, ही तक्रार नेहमीची. दोष सहसा सेलचा. एलईडी सर्वांत जास्त करंट ओढतात, थकलेल्या सेलचा व्होल्टेज कोसळतो आणि सर्किट बंद होतं. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असल्याने चार सेलच्या उपकरणाला ६ ऐवजी ४.८ व्होल्टच मिळतात; काही गॉगल तेवढ्यावर ‘बॅटरी संपली’ म्हणतात. एलईडी पेटतात का, हे फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा. जांभळट ठिपके दिसायला हवेत. मागच्या कॅमेऱ्याचं फिल्टर अनेकदा ते गाळून टाकतं.

सगळं चित्रच दुधाळ दिसत असेल तर आधी पुढची काच पुसा. तरीही फरक पडला नाही आणि गॉगल पूर्वी कुणी उघडला असेल, तर भिंगाभोवतीचं काळं रबर किंवा फोम जागेवर आहे का ते पाहा. एलईडीचा प्रकाश आतल्या आत भिंगात शिरू नये म्हणून ते असतं, आणि जोडताना नेमकं तेच बाहेर राहतं.

वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. स्टँड उन्हापासून आणि दमटपणापासून लांब हवा, कारण गॉगलवरचा मऊ रबरासारखा लेप ओलाव्याने विघटित होऊन चिकट होतो आणि चेहऱ्याजवळचा फोम भुगा होऊ लागतो. चिकटपणा अल्कोहोलने निघतो, पण त्याबरोबर रंग आणि छापील अक्षरंही जाऊ शकतात. आधी पट्ट्याखालच्या कोपऱ्यात लावून पाहा.