दगडी पाला: परीक्षानळीतलं रक्त आणि गुडघ्यावरची जखम

‘दगडी पाल्याच्या रसाने रक्त लगेच थांबतं, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, टाक्यांची गरज नाही.’ हे वर्षानुवर्षं फिरतंय. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं, शेवटचं घातक.

रक्त गोठण्याची चाचणी कशी होते ते पाहा. बोटाला टोचून रक्त केसासारख्या बारीक काचनळीत घेतात. दर 30 सेकंदांनी नळीचा तुकडा हळूच मोडतात. दोन तुकड्यांमध्ये फायब्रिनचा, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचा, तंतू ताणलेला दिसला की रक्त गोठलं. परीक्षानळीत रक्तात पानांचा अर्क मिसळला की ही गोठण्याची वेळ कमी भरू शकते. पण पानांतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, रक्तातल्या प्रथिनांचा साकाही करतात. तो गुठळीसारखाच भासतो. शिवाय नळीत रक्त स्थिर असतं. कापलेल्या धमनीतून ते उसळत येतं, रस वाहून जातो.

मग शेतात खुरपं लागल्यावर पाला चोळला की रक्त थांबतं ते का? बरंचसं श्रेय आपण घट्ट दाबून धरलेल्या अंगठ्याचं असतं. आणि बांधावरच्या पानाला माती असते, मातीत धनुर्वाताचे बीजाणू.

ही वनस्पती पुराणकाळापासून आपली, असंही सांगतात. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. संशोधन जरूर व्हावं. जखमेवर मात्र स्वच्छ फडकं, 10 मिनिटं न उचलता दाब, आणि रक्त थांबेना तर थेट दवाखाना.